हिवाळ्यातले हेलसिंकी

परदेशप्रवासास निघालेला मनुष्य सामान्यतः चांगला ऋतू पाहून निघतो. युरोपात जावयाचे तर मे ते सप्टेंबर हे महिने निवडावेत, तेव्हा दिवस मोठा असतो, बागा फुललेल्या असतात आणि अंगावर कपड्यांचे ओझे वागवावे लागत नाही, हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे आणि तो खोटाही नाही. परंतु एखाद्या गावाची खरी ओळख व्हावी अशी इच्छा असेल, तर ती त्याच्या सुखाच्या दिवसांत होतेच असे नाही. कोकणातले घर किती विचाराने बांधले आहे, हे वैशाखात पाहुणा म्हणून गेलेल्यास कळत नाही. ते आषाढात कळते. उतरते छप्पर, रुंद पडवी, जोत्याची उंची, कोरड्या सरपणाने भरलेला माळा, या साऱ्यांचे प्रयोजन पावसाची झोड सुरू झाली म्हणजे आपोआप ध्यानी येते. त्याच न्यायाने उत्तर युरोपातले शहर पाहावे ते हिवाळ्यात. आज अशाच एका शहराकडे, फिनलंडची राजधानी जे हेलसिंकी, त्याच्याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे.

हेलसिंकीची वस्ती सुमारे पावणेसात लाखांची. राजधानीचे शहर, मोठे बंदर, विद्यापीठ, संसद, कचेऱ्या, कारखाने, सर्व काही तेथे आहे. तथापि जानेवारीच्या एखाद्या सकाळी तेथे उतरलेल्या प्रवाशाच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो शांततेचा. ट्राम येते, माणसे चढतात, उतरतात, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. रस्त्यावर कर्णे वाजत नाहीत. दुकानदार हाका मारीत नाही. गजबजाटात वाढलेल्या आपल्यासारख्यास प्रथम शंका येते की, ही मंडळी एकमेकांवर रुसली आहेत की काय!

आपल्या भाषेत न बोलण्याला निरनिराळे शब्द आहेत. रागाने धरलेला तो अबोला. व्रत म्हणून पाळलेले ते मौन. आणि सर्व कामे उरकून, दिवा लावून, माणसे स्वस्थ बसली म्हणजे घरात जो पसरतो तो निवांतपणा. हेलसिंकीच्या हिवाळ्यातील शांतता या तिसऱ्या जातीची आहे, आणि निवांतपणा हा नेहमी कोणीतरी आधी केलेल्या कामाचे फळ असतो. ते काम कोणते, हे पाहणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम सूर्याची गोष्ट. हेलसिंकी ६० व्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहे; मुंबई १९ व्या अक्षांशाच्या आसपास. या एका फरकातून पुढच्या बहुतेक गोष्टी निघतात. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईस सुमारे ११ तासांचा दिवस लाभतो, तर हेलसिंकीस सुमारे पावणेसहा तासांचा. तेथे सूर्य सकाळी सव्वानऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळातही तो वर चढतो असे म्हणणे धाडसाचे होईल. भर मध्यान्ही त्याची उंची क्षितिजापासून साडेसहा अंशही भरत नाही. हात सरळ पुढे करून बोटे आडवी धरली, तर क्षितिजावर तीनचार बोटे ठेवून जेवढी उंची होईल तेवढीच. मुंबईच्या आकाशात त्याच दिवशी सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो. हेलसिंकीत म्हणून दुपारच्या बारा वाजताही सावल्या आपल्याकडील संध्याकाळच्या सावल्यांहून लांब असतात, आणि समोरच्या घराने सूर्य झाकला म्हणजे तो त्या दिवसापुरता झाकलाच.

या अंधाऱ्या काळाला फिन्नी भाषेत ‘कामोस’ म्हणतात. खरा कामोस देशाच्या अगदी उत्तर टोकास, लॅपलंडात असतो. तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. हेलसिंकीत तो रोज उगवतो, पण पुष्कळदा ढगांच्या आड. मात्र या अंधारालाही काही देणे द्यावयाचे असते. सूर्य तिरक्या वाटेने क्षितिजाखाली उतरत असल्यामुळे संधिप्रकाश फार वेळ रेंगाळतो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर पाहता पाहता रात्र होते. तेथे दुपारी तीनपासून आकाश निळे, मग अधिक निळे, मग शाईसारखे निळे होत जाते, आणि जमिनीवर हिम असले म्हणजे तो निळा रंग खालूनही वर येतो.

आता थंडी. नकाशावर ६० व्या अक्षांशाची रेघ पश्चिमेकडे ओढीत नेली, तर ती हिमाच्छादित ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्या मानाने हेलसिंकी सौम्यच म्हणावयाचे. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहांवरून येणारे पश्चिमेचे वारे उत्तर युरोपास ऊब देतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील सरासरी तापमान शून्याखाली तीनचार अंशच असते. पण वारा पूर्वेकडून, रशियाच्या विस्तीर्ण भूमीवरून येऊ लागला म्हणजे चित्र पालटते. १९८७ च्या जानेवारीत येथे पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली गेला होता. शहराला तीन बाजूंनी वेढणारा समुद्र हा फिनलंडच्या आखाताचा. त्यात नद्यांचे पाणी इतके मिसळते की, महासागराच्या पाण्यात जेवढे मीठ असते त्याच्या पाचसहाव्या हिश्श्याएवढेच येथे सापडते. असे मचूळ पाणी लवकर गोठते. कडक हिवाळ्यात किनाऱ्याजवळ माणसे समुद्रावरून चालत जातात, आणि व्यापारी जहाजांना वाट करून देण्यासाठी बर्फ फोडणारी जड जहाजे कामास लागतात. उन्हाळ्यात हीच जहाजे कातायानोक्का या भागातील धक्क्याला रांगेने विसावलेली दिसतात. हिवाळ्यात तो धक्का रिकामा दिसला, तर थंडी चांगली पडली आहे असे समजावे.

शांततेचे एक कारण पदार्थविज्ञानातही आहे. ताजे पडलेले हिम म्हणजे बर्फाच्या कणांची घट्ट लादी नसून त्या कणांत अडकलेल्या हवेची जणू गादीच असते. कापसाच्या गादीत आवाज जसा मुरतो, तसा तो या असंख्य छिद्रांत शिरतो आणि परत येत नाही. रात्री हिम पडून गेल्यावर सकाळी खिडकी उघडली म्हणजे शहर दूर गेल्यासारखे वाटते, ते यामुळे. थंडी फार वाढली म्हणजे मात्र तेच हिम पायाखाली कुरकुरू लागते, कारण कण दबून वितळण्याऐवजी मोडतात. जुने रहिवासी या कुरकुरण्यावरून थंडीचा अंदाज बांधतात.

परंतु केवळ हिमामुळे शहर निवांत होत नाही. हिवाळा हा या देशाचा जुना वैरी आहे, हे इतिहास सांगतो. हेलसिंकीची स्थापना स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने १५५० मध्ये केली. पुढे १८०९ मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेला आणि १८१२ मध्ये हेलसिंकी राजधानी झाले. त्या काळात कार्ल लुडविग एंगेल या जर्मन वास्तुशिल्पकाराने आखलेला सेनेटचा चौक आणि त्यावरचे, १८५२ मध्ये पुरे झालेले शुभ्र मुख्य चर्च आजही शहराची खूण आहे. पण त्या चर्चनंतर पुरती वीस वर्षेही लोटली नाहीत तोच १८६६ ते १८६८ चा दुष्काळ आला. १८६७ साली वसंतातही थंडी हटेना. पेरण्या उशिरा झाल्या, आणि हाती येऊ घातलेले पीक सप्टेंबरातच गोठून गेले. लोकांनी पाइन वृक्षाची आतली साल दळून भाकरीत घातली. भूक आणि साथीचे रोग यांनी देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे आठ टक्के माणसे नेली, म्हणजे बारातेरा माणसांमागे एक. ज्या समाजाच्या आठवणीत असा हिवाळा असतो, तो थंडीला निसर्गशोभा समजून स्वस्थ बसू शकत नाही.

दुसरी आठवण युद्धाची. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने फिनलंडवर चढाई केली आणि त्याच दिवशी हेलसिंकीवर बाँब पडले. १०५ दिवस चाललेल्या या झुंजीला ‘हिवाळी युद्ध’ असेच नाव पडले. त्या अनुभवाचे चिन्ह आज जमिनीखाली पाहावयास मिळते. हेलसिंकी कठीण ग्रॅनाइट खडकावर वसले आहे, आणि त्या खडकात कोरलेल्या व इमारतींच्या तळाशी बांधलेल्या आश्रयस्थानांत नऊ लाखांहून अधिक माणसांची, म्हणजे शहराच्या वस्तीहून अधिक माणसांची, सोय होऊ शकते. शांततेच्या दिवसांत यांतील जागा ओस ठेवीत नाहीत. कोठे पोहण्याचा तलाव असतो, कोठे मुलांचे खेळघर, कोठे गाड्यांचा तळ. ईताकेस्कुस या भागात खडकाच्या पोटात पोहणारी मुले त्या जागेचा दुसरा उपयोग मनातही आणीत नसतील. पण तो उपयोग मोठ्यांनी विसरलेला नाही.

आता या शहराने हिवाळ्याशी कसा संसार मांडला आहे ते पाहू. पहिली गोष्ट उबेची. आपल्या कल्पनेतील थंड देशातल्या घरात शेकोटी असते आणि तिच्याभोवती कुटुंब बसते. हेलसिंकीत दहांपैकी सुमारे नऊ इमारतींना ऊब मिळते ती सार्वजनिक नळांतून. मध्यवर्ती केंद्रात तापवलेले पाणी जमिनीखालील नळांनी घरोघर फिरते, खोल्या उबदार करून थंड होते आणि पुन्हा तापण्यासाठी परत जाते. या पाण्यासाठी पूर्वी कोळसा फार जळत असे; २०२५ च्या वसंत ऋतूत शहराने कोळशाचा वापर थांबविला. विशेष मौज अशी की, कात्री वाला या कवयित्रीच्या नावाच्या बागेखाली, खडकातील गुहेत, २००६ पासून एक यंत्रशाळा चालते; ती शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात उरलेली उष्णता काढून घेऊन पुन्हा घरांकडे पाठवते. स्नानाचे व धुण्याचे कोमट पाणी वाहून गेले, तरी त्याची ऊब शहराने सोडलेली नाही. मुख्य पेठेतील काही पदपथांच्या खालीही उबदार पाण्याचे नळ घातले आहेत, म्हणून तेथे बर्फ साचत नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. इतर रस्त्यांवर हिम सारून बारीक खडी पसरतात, ती पुढे वसंतात पुन्हा झाडून घेतात. अंधारात वाहनचालकास पादचारी दिसावा म्हणून कोटाला चकाकणारी एक लहानशी चकती लटकवण्याची रीत आहे. कायद्याचेही तेच सांगणे आहे. शाळेतील मुलांच्या पाठीवर, आजोबांच्या काठीवर, इतकेच नव्हे तर कुत्र्याच्या पट्ट्यावरही ती लुकलुकताना दिसते. वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरांवर आणला आहे. जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत शहराच्या हद्दीत एकही मनुष्य वाहनाच्या अपघातात दगावला नाही. रस्ते शांत आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शांततेचा हाही अर्थ ध्यानात घ्यावा.

तिसरी गोष्ट सार्वजनिक बैठकीची. थंडीत माणसास चार भिंतींच्या आत राहावे लागते. मग ज्याचे घर लहान, किंवा ज्याच्या घरी बोलावयास कोणी नाही, त्याने जावे कोठे? या प्रश्नाचे हेलसिंकीने दिलेले उत्तर म्हणजे ग्रंथालय. फिनलंडात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९२८ पासून आहे. स्वातंत्र्याची शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने बांधलेले ‘ओदी’ हे मध्यवर्ती ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडले. ते संसदभवनाच्या अगदी समोर उभे आहे, आणि राज्यसत्ता व नागरिकांचे ज्ञान ही समोरासमोर असावीत, हाच त्यामागचा हेतू. वरच्या मजल्यावर सुमारे एक लाख ग्रंथ, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, छपाईची साधने, संगीताच्या खोल्या, आणि खाली नाटके, चित्रपट व सभा. प्रवेशास मोल नाही; का आलात असे कोणी विचारीत नाही. बाहेर दुपारी चारला काळोख पडला असताना आत आजी वर्तमानपत्र वाचीत आहेत, विद्यार्थी टिपणे काढीत आहेत आणि लहान मूल जमिनीवर चित्रांचे पुस्तक उघडून पालथे पडले आहे, हे दृश्य हेलसिंकीचा हिवाळा समजावून सांगण्यास पुरेसे आहे.

याच विचाराची दुसरी वास्तू कांपी या गजबजलेल्या चौकात आहे. २०१२ मध्ये उभारलेल्या त्या लाकडी प्रार्थनागृहास ‘शांततेचे मंदिर’ म्हणतात. बाहेरून ते एखाद्या मोठ्या लाकडी वाडग्यासारखे दिसते; भिंतींना खिडकी नाही, प्रकाश काय तो छताच्या कडेने झिरपतो. तेथे नित्याची उपासना होत नाही, लग्ने लागत नाहीत. मनुष्याने यावे, बाकावर बसावे आणि वाटेल तेव्हा उठून जावे. परंतु योजना करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरलेली नाही: धर्मसंस्थेची आणि नगरपालिकेच्या समाजसेवाखात्याची माणसे तेथे ठेवण्याची व्यवस्था त्यांनी आरंभीच केली, म्हणजे ज्याला शांतता पुरे होऊन बोलावेसे वाटेल, त्यास ऐकणारा मिळावा. तेथून काही अंतरावर तेंपेलिआउकिओ हे १९६९ मध्ये पुरे झालेले चर्च आहे. ते सबंध खडकात कोरलेले असून वर तांब्याचा घुमट आहे. वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसास खडक कोरण्याचे नवल वाटणार नाही. पण भिंतीचा खडक तसाच ओबडधोबड ठेवून त्यावर घुमटाच्या कडेने उन्हाची झालर सोडण्याची कल्पना त्यालाही आवडेल.

आता सौनाविषयी दोन शब्द. सौना म्हणजे लाकडी फळ्यांची, ८० ते १०० अंशांपर्यंत तापवलेली खोली. तापलेल्या दगडांवर पाणी ओतले म्हणजे जी वाफ उसळते तिला ‘लोयलू’ म्हणतात. भाषापंडित सांगतात की, या शब्दाचा मूळचा अर्थ प्राण किंवा श्वास असा होता. सुमारे ५६ लाख वस्तीच्या या देशात सौना तीसएक लाख असाव्यात. २०२० मध्ये युनेस्कोने या प्रथेची मानवजातीच्या वारशात नोंद केली. हेलसिंकीच्या काल्लिओ या एके काळच्या कामगारवस्तीत १९२८ पासून चालत आलेली, लाकडांवर तापणारी एक सार्वजनिक सौना आजही आहे. पुरुषांची व स्त्रियांची व्यवस्था तेथे वेगळी असते. आत शिरण्यापूर्वी स्नान करावे, बसण्यास लहानसे फडके घ्यावे, आणि आवाज चढवू नये, एवढाच शिष्टाचार. तेथे कारखान्याचा मालक आणि गाडीवान शेजारी बसले, तरी कोण कोण आहे हे ओळखण्यास अंगावर कपडेच नसतात! घामाघूम झालेली मंडळी मग समुद्राच्या बर्फात पाडलेल्या भोकात उडी घेतात. हे साहस पाहुण्याने केलेच पाहिजे असे नाही, आणि हृदयविकार असलेल्याने तर मुळीच करू नये.

येथवरचे वर्णन ऐकून हेलसिंकीच्या लोकांना हिवाळा जाचतच नाही, असा समज होईल. तो बरोबर नाही. नोव्हेंबर महिन्याचे फिन्नी नाव मृत्यूशी नाते सांगणारे आहे. त्या महिन्यात पाने गळलेली असतात, हिम अद्याप पडलेले नसते, आणि ओल्या काळ्या रस्त्यांनी उरलासुरला प्रकाशही गिळलेला असतो. उजेडाच्या अभावाने मनास येणारी मरगळ तेथील वैद्यांच्या परिचयाची आहे. काही लोक सकाळी मुद्दाम प्रखर दिव्यासमोर बसतात. हवामान तापत चालल्यामुळे अलीकडे हिमाविना जाणारे आठवडे वाढले आहेत. २०१९-२० च्या हिवाळ्यात शहरात हिम जवळजवळ टिकलेच नाही, आणि तेव्हा लोकांनी तक्रार केली ती थंडीची नव्हे, काळोखाची. एकाकीपणाही तेथे आहे. जो समाज दुसऱ्याच्या स्वस्थतेस जपतो, त्या समाजात एखाद्याचे दुःखही कोणाच्या ध्यानात न येता राहू शकते. प्रत्येक गुणाची अशी एक सावली असते.

नव्याने तेथे राहावयास गेलेल्यांना ही सावली प्रथम जाणवते. हेलसिंकी आणि शेजारचे एस्पो येथे आता अनेक भारतीय कुटुंबे नोकरी व शिक्षण यांच्या निमित्ताने राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. ज्यांच्या कानांना वाड्यातल्या, चाळीतल्या हाकांची सवय, त्यांना शेजाऱ्याचे न बोलणे हा नकार वाटावा हे साहजिक आहे. परंतु तेथील रीत निराळी आहे. अनोळखी माणसाशी उगीच बोलणे म्हणजे त्याच्या वेळात शिरणे, असे तेथे मानतात; आणि ओळख झालेल्या दोन माणसांनी कॉफीचा पेला पुढे घेऊन न बोलता बसणे हे सलोख्याचे लक्षण समजतात. एकदा कोणी घरी बोलावले, की मात्र परकेपण पुष्कळ कमी होते. उंबऱ्याशी जोडे काढून ठेवण्याची आपली पद्धत त्यांचीही आहे, आणि पाहुण्यास रिकाम्या पोटी पाठवू नये हेही त्यांस ठाऊक आहे.

या शहराशी महाराष्ट्राचे एक अधिक जुने नाते आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकीस ऑलिंपिक सामने भरले. त्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला एका व्यक्तीने मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. मातीच्या आखाड्यात तयार झालेल्या या मल्लाच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. ज्या प्रदर्शनगृहात त्या कुस्त्या झाल्या, ते तोलो या भागात अजून उभे आहे. त्यास आता क्रीडागृह म्हणतात, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी नोकरीवरून परतलेले नागरिक तेथे खेळावयास येतात. जवळच ऑलिंपिक क्रीडांगणाचा पांढरा मनोरा आहे. त्याची उंची ७२.७१ मीटर असून ती १९३२ मध्ये फिनलंडच्या मात्ती यार्विनेन याने सुवर्णपदक मिळवताना फेकलेल्या भाल्याच्या अंतराएवढी ठेवली आहे. क्रीडांगण बांधले ते १९४० च्या सामन्यांसाठी. युद्धामुळे ते सामने झालेच नाहीत आणि शहराला बारा वर्षे वाट पाहावी लागली. महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाने हिमात उभ्या असलेल्या त्या साध्या इमारतीसमोर क्षणभर थांबावे.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी काही सूचना. एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा एकावर एक असे लोकरीचे थर घालावेत. दोन थरांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब राखते. घरांत, दुकानांत व गाड्यांत चांगली ऊब असते, तेव्हा थर उतरवता आले पाहिजेत. जोड्यांचे तळ खरखरीत असावेत, आणि बर्फावर पावले आखूड टाकावीत. सणांची माहिती काढून दिवस ठरवावेत. ६ डिसेंबर हा स्वातंत्र्यदिन. त्या संध्याकाळी खिडक्यांत दोन दोन मेणबत्त्या लावतात; १९१७ मध्ये मिळालेल्या स्वातंत्र्याचा हा उत्सव दिवाळीच्या पणत्यांची आठवण करून देतो. १३ डिसेंबरला डोक्यावर दीपमुकुट घेतलेल्या ल्युसिया या कन्येची मिरवणूक मुख्य चर्चपासून निघते. २४ डिसेंबरला दुपारी तुर्कू या जुन्या राजधानीत ‘नाताळची शांतता’ विधिपूर्वक जाहीर करतात. ती घोषणा १९३५ पासून आकाशवाणीवरून देशभर ऐकवतात. त्यानंतर दुकाने बंद होतात आणि हेलसिंकीचे लोक हिएतानिएमीच्या दफनभूमीकडे निघतात. प्रत्येक जण आपल्या माणसाच्या थडग्यावर एक दिवा ठेवतो. समुद्राकाठच्या त्या विस्तीर्ण जागेत हिमावर हजारो ज्योती तेवत असतात, माणसे चालत असतात, आणि पावलांखेरीज आवाज नसतो. परक्या माणसाने तेथे जाण्यास हरकत नाही; फक्त त्यानेही बोलू नये.

सुओमेनलिन्ना हा बेटांवरचा किल्ला हिवाळ्यातही पाहता येतो. १७४८ मध्ये स्वीडनच्या अमदानीत त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १८०८ मध्ये तो रशियनांच्या हाती गेला. आजही तेथे काही शे माणसे राहतात, म्हणून होडीची फेरी वर्षभर चालते. पाव तासाच्या त्या प्रवासात जहाजाच्या तळाशी बर्फाचे तुकडे घासल्याचा आवाज ऐकू येतो. पुष्कळ प्रवाशांच्या स्मरणात शहरातला तेवढा एकच मोठा आवाज राहतो.

सर्वांत चांगला काळ कोणता, असे कोणी विचारील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध सांगावा. फिन्नी भाषेत त्या महिन्याचे नाव मोत्यांवरून पडले आहे. फांद्यांवर वितळून पुन्हा गोठलेले थेंब मोत्यांसारखे चमकतात म्हणून. तेव्हा दिवस रोज सुमारे पाच मिनिटांनी वाढत असतो, म्हणजे आठवड्यात अर्ध्या तासाहून अधिक. बाके पुसून माणसे भिंतीच्या आडोशाला, तोंड उन्हाकडे करून, डोळे मिटून उभी राहतात. दुपारच्या झोपेसाठी तान्ही मुले पांघरुणात गुंडाळून, बाबागाडीत, उघड्या हवेत ठेवलेली असतात.

ती बाबागाडी पाहिली म्हणजे या शहराच्या निवांतपणाचे मर्म हाती लागते. आईने मूल बाहेर निजवले आहे, कारण पांघरूण पुरेसे आहे, घर दोन पावलांवर उबदार आहे, रस्त्यावरून वाहन सावकाश जाणार आहे, आणि येणाराजाणारा त्याची झोप मोडणार नाही अशी तिची खात्री आहे. यांतले प्रत्येक कारण एकेका पिढीने कमावलेले आहे. ज्या भूमीत दीडशे वर्षांपूर्वी हिवाळ्याने गावे ओस पाडली, त्याच भूमीत आज मूल थंडीत निर्धास्त झोपते. आपल्याकडे हिमही नाही आणि सहा तासांचा दिवसही नाही. पण पाऊस आहे, ऊन आहे, आणि त्यांच्याशी मिळून झुंजण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. ते ज्या दिवशी पुरे होईल, त्या दिवशी आपल्या शहरांतही, आपल्या परीने, निवांतपणा येईल.